गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या नियमशास्त्रात गुलाम कसे राहिले?

प्रश्न
कृष्णाकाठचा वाचक (मिरज)

सर्व सभासदांना नमस्कार. मिरजेत आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसून बायबलच्या जुन्या करारातील ग्रंथ क्रमाने वाचतो. आमच्यात लहानपणापासून मंडळीत वाढलेले लोक आहेत, त्याचप्रमाणे वारकरी घरांतून केवळ अभ्यासाच्या ओढीने येणारे काही शिक्षकही आहेत. सध्या निर्गम या दुसऱ्या ग्रंथाचे वाचन चालू आहे.

कथा परिचयाची आहे. दुष्काळात मिसर देशात (इजिप्तमध्ये) आश्रयाला गेलेल्या याकोबाच्या वंशजांना, म्हणजे इस्राएल लोकांना, पुढचा फारो (तिथला राजा) पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधण्याच्या कामाला जुंपतो, त्यांच्यावर मुकादम नेमतो आणि त्यांचे नवजात मुलगे नदीत टाकण्याची आज्ञा देतो. मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहतात, दहा पीडा येतात, वल्हांडणाच्या, म्हणजे सुटकेच्या, रात्री लोक घाईघाईने निघतात आणि समुद्र ओलांडून सीनाय पर्वताच्या पायथ्याशी पोहोचतात. पाचव्या अध्यायात फारो विटांसाठी पेंढा देणे बंद करतो, रोजच्या विटांची संख्या मात्र कमी करत नाही, आणि संख्या भरली नाही म्हणून इस्राएलांच्याच नायकांना मार खावा लागतो. हा भाग वाचताना नदीकाठच्या वीटभट्ट्या पाहिलेल्या आमच्या मंडळींना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

अडचण पुढे आली. विसाव्या अध्यायात दशाज्ञा दिल्या जातात आणि त्यांचे पहिलेच वाक्य असे आहे की मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर काढणारा परमेश्वर मीच आहे. त्यानंतर एकविसाव्या अध्यायात सविस्तर नियम सुरू होतात, आणि त्यातला पहिलाच नियम इब्री (म्हणजे इस्राएली) दास विकत घेण्याविषयी आहे. ज्यांच्या पाठीवरचे वळ अजून ताजे आहेत, त्यांच्या कायद्यात गुलाम विकत घेण्याची तरतूद असावी, आणि तीही अगदी आरंभी, याचा अर्थ आम्हाला लागत नाही. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी हा भाग सोडून पुढे जावे असे सुचवले, पण बहुतेकांना ते पटले नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर
वाईचे अभ्यासक

आपण तो अध्याय सोडला नाहीत, हे फार चांगले केलेत. माझ्या मते तो नियम पहिला ठेवण्यामागे हेतू आहे. तो विकत घेण्याची मोकळीक देण्यासाठी आलेला नसून मुदत घालण्यासाठी आला आहे: इब्री दासाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी त्याने काही न देता मोकळे व्हावे. मिसर देशातल्या गुलामीला अशी मुदत नव्हती. निर्गमाच्या बाराव्या अध्यायानुसार इस्राएलांचा तेथील निवास ४३० वर्षांचा होता आणि त्यांच्या दास्याचा शेवट कोणत्याही कायद्याने ठरलेला नव्हता.

हा दास बहुतेक वेळा कोण असे, तेही पाहिले पाहिजे. युद्धात पकडून आणलेल्या परक्याविषयी हा नियम नाही. धान्य संपल्यामुळे, कर्ज फिटत नसल्यामुळे किंवा चोरीची भरपाई करता न आल्यामुळे ज्याला स्वतःला विकावे लागे, अशा आपल्याच माणसाविषयी तो आहे. याच अध्यायात पुढे माणूस पळवून नेऊन विकणाऱ्याला देहान्त शिक्षा सांगितली आहे, आणि धन्याने दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्या डोळ्याबद्दल किंवा दाताबद्दल त्याला मोकळे करावे, असाही नियम आहे.

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हम्मुराबी राजाचा कायदा याहून कित्येक शतके जुना आहे. पळून आलेल्या गुलामाला जो घरात लपवील त्याला ठार करावे, असे त्या कायद्यात आहे. अनुवाद या जुन्या करारातील नियमग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात याच्या नेमके उलट सांगितले आहे: धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल त्या नगरात तो तुझ्याबरोबर राहो. जे स्वतःच पळून आलेले लोक होते, त्यांच्याकडूनच असा नियम यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या दिवसाची, आज्ञाही पाहावी. निर्गमात तिचे कारण सृष्टीच्या निर्मितीशी जोडले आहे, तर अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा देताना असे म्हटले आहे की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. आठवड्यातील एक दिवस धनी आणि चाकर यांचा समान होतो, आणि त्यामागचे कारण म्हणून मिसर देशच पुढे केला जातो.

उत्तर
खटाव तालुक्यातील सभासद

वाईच्या अभ्यासकांविषयी मला आदर आहे, तरीही त्यांनी चित्राची उजळ बाजू आधी मांडली आणि उरलेली बाजू वाचकावर सोपवली, असे मला वाटते. त्यांनी ज्या कायद्याचा उल्लेख केला, त्याच हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापायी बायको, मुलगा किंवा मुलगी गहाण पडल्यास तीन वर्षांनी त्यांना मोकळे करावे, चौथ्या वर्षी त्यांना ठेवू नये, असे कलम आहे. म्हणजे मुदतीची कल्पना नवी नव्हती, आणि तिकडची मुदत निम्मी होती.

त्याच एकविसाव्या अध्यायात आणखी काय आहे तेही वाचावे. धन्याने दासाला बायको करून दिली असेल आणि तिला मुले झाली असतील, तर सातव्या वर्षी तो एकटाच बाहेर पडतो. बायको आणि मुले धन्याची राहतात. त्यांना सोडून जाणे त्याला जमत नसेल, तर दाराच्या चौकटीशी नेऊन त्याचा कान आरीने टोचायचा आणि मग तो कायमचा दास. कोणी आपली मुलगी दासी म्हणून विकली, तर ती पुरुष दासाप्रमाणे मोकळी होत नाही. दासाला काठीने मारल्यावर तो एकदोन दिवस जिवंत राहिला तर धन्याला शिक्षा नाही, कारण दास म्हणजे त्याचे धन आहे. बैलाने दासाला भोसकून मारले तर बैलाच्या मालकाने त्याच्या धन्याला तीस शेकेल (एक वजन) रुपे द्यायचे, म्हणजे माणसाच्या मरणाची भरपाईसुद्धा त्याच्या घरच्यांना नाही.

लेवीय या नियमग्रंथाचा पंचविसावा अध्याय तर याहून स्पष्ट आहे. इस्राएली बंधूला दासासारखे राबवू नकोस, कारण मिसर देशातून आणलेले हे लोक माझे दास आहेत, असे तेथे परमेश्वर म्हणतो. आणि त्याला लागूनच आसपासच्या राष्ट्रांतून दासदासी विकत घ्याव्यात, त्या मुलांना वारसाने द्याव्यात, असेही लिहिले आहे. मिसर देशाची आठवण सर्वांसाठी होती की फक्त आपल्यांसाठी, हा प्रश्न मी ग्रंथाबाहेरून आणलेला नाही, तो त्या पानावरच उभा आहे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहितो, त्याचे कारण आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आमच्याच तालुक्यात आहे. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला. त्या अमेरिकेत मोशेची कथा कशी वाचली गेली, हे आपण विसरू नये. मळ्यांवर राबणाऱ्या माणसांनी ती आपलीच म्हणून गायली, आणि कितीतरी जणांना दक्षिणेकडून सोडवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन या स्त्रीला लोक मोशे म्हणत. त्याच देशात मळ्यांचे मालक लेवीयाचा हा पंचविसावा अध्याय पुढे करून गुलामगिरीला देवाची संमती आहे असे सांगत होते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये पवित्र शास्त्रातील निवडक भागांचे एक पुस्तक छापण्यात आले, आणि त्यातून मिसर देशातील सुटकेची कथा गाळलेली होती. कथेत काय ताकद आहे हे ते पुस्तक काढणाऱ्यांना कळले असावे, म्हणूनच त्यांनी ती गाळली असावी. नियमांची पाने मात्र मालकांच्या उपयोगी पडत होती. आपण तीच पाने सौम्य करून वाचली, तर त्या वाचनाला उत्तर देण्याची जबाबदारी आपण टाळतो.

उत्तर
कराडचे सभासद

चर्चेला थोडी पूरक माहिती देतो. मिसरच्या कोणत्याही शिलालेखात या सुटकेचा उल्लेख सापडत नाही. इस्राएल या लोकांचे सर्वांत जुने निर्विवाद नाव फारो मर्नेप्ताहच्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ सालच्या शिलालेखात येते. तो १८९६ साली थीब्ज येथे फ्लिंडर्स पेट्री यांना सापडला, आणि त्यात हे लोक कनान देशात असल्याचे दिसते. मात्र परक्या कैद्यांकडून विटा पाडून घेण्याचे दृश्य थीब्जजवळच्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात रंगवलेले आहे, आणि रामसेस दुसरा याच्या काळातील चामड्यावरच्या एका हिशेबात प्रत्येक देखरेख करणाऱ्यामागे २००० विटांचे उद्दिष्ट नोंदवलेले आहे. सुटका जशी वर्णिली आहे तशी घडली की नाही, यावर विद्वानांत एकमत नाही. विटांची रोजची संख्या आणि तिच्यापायी बसणारा मार हे मात्र त्या काळच्या वस्तुस्थितीतून आलेले आहे.

उत्तर
जतचे निवृत्त कार्यकर्ते

आयुष्यभर मजुरांमध्ये काम केल्यामुळे मी हा ग्रंथ थोड्या वेगळ्या क्रमाने वाचतो, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर मला निर्गमाच्या आधीच्या पानांत सापडते. मिसर देशात गुलामी कशी आली, हे उत्पत्ती या पहिल्या ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि ती आणणारा माणूस फारो नव्हे, तर याकोबाचा, म्हणजे इस्राएलाचा, मुलगा योसेफ आहे. दुष्काळ पडतो तेव्हा धान्याची कोठारे योसेफाच्या हाती असतात. लोक आधी जवळचा पैसा देऊन धान्य नेतात. पैसा संपल्यावर गुरेढोरे, घोडे, गाढवे देतात. पुढच्या वर्षी ते येऊन म्हणतात की आता आमचे शरीर आणि आमची जमीन यांखेरीज काही उरले नाही, आम्हाला जमिनीसकट विकत घ्या आणि बियाणे द्या. योसेफ साऱ्या देशाची जमीन फारोच्या नावावर करतो आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा ठरवतो. पुजाऱ्यांच्या जमिनी तेवढ्या वगळल्या जातात. आणि लोक काय म्हणतात? तुम्ही आमचे प्राण वाचवलेत, आम्ही फारोचे दास होऊ.

तक्रार करण्याऐवजी माणूस आभार मानत दास होतो, हे ज्याने लिहिले त्याला कर्ज म्हणजे काय ते पुरते ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जत आणि आटपाडीच्या भागातून, तिकडे माण आणि खटावमधून, ज्यांनी जनावरे सोडून दिली आणि खडी फोडायला गेले, त्यांच्या पुढच्या पिढीतले कितीतरी लोक ऊसतोडीला जाऊ लागले. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्या कोयत्यावर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत ओढायची. उचल देणारा त्या क्षणी उपकारकर्ताच असतो, कारण मुलीचे लग्न किंवा दवाखाना त्याच्याच पैशाने पार पडलेला असतो. म्हणून एकविसाव्या अध्यायातील पहिला नियम वाचताना मला तो विरोधाभास वाटत नाही. समुद्र ओलांडून फारो मागे राहतो, पण दुष्काळ, आजारपण आणि सावकार नव्या देशातही असणारच, आणि त्यांच्यातून गुलामी पुन्हा उगवणारच, हे त्या कायद्याला माहीत आहे.

तरीही खटावच्या सभासदांचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. परक्यांविषयीची ती कलमे कशानेही धुऊन निघत नाहीत. बायको आणि मुले धन्याकडे ठेवून एकट्या पुरुषाला सोडणे ही सुटका नव्हे, कारण त्याला परत ओढून आणणारी दोरी धन्याच्या हातात तशीच राहते.

उत्तर
वाईचे अभ्यासक

खटावच्या सभासदांनी मांडलेली कलमे खरी आहेत आणि ती वाचलीच पाहिजेत. मला त्यांत एवढीच भर घालायची आहे की त्या कलमांपुढे ग्रंथ थांबत नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात हाच सहा वर्षांचा नियम पुन्हा येतो, तेव्हा त्यात दासीचाही पुरुषाबरोबर उल्लेख आहे, आणि तिलाही सातव्या वर्षी मोकळे करावे असे सांगितले आहे. म्हणजे निर्गमात जे नाकारले होते, ते अनुवादात दिले आहे. नियमशास्त्राच्या आतच हा वाद चालू आहे आणि मिसर देशाची आठवण त्यात दर वेळी नव्याने पुढे केली जाते.

यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायाकडे मी आपल्या वाचकगटाचे लक्ष वेधू इच्छितो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला असताना सिद्कीया राजा लोकांशी करार करतो की प्रत्येकाने आपले इब्री दासदासी मोकळे करावेत. सरदार आणि सर्व लोक तसे करतात. पुढे मिसरचे सैन्य मदतीला येत असल्याच्या बातमीने वेढा काही काळ उठतो, आणि संकट टळले असे वाटताच हेच लोक सोडलेल्या माणसांना धरून आणून पुन्हा दास करतात. त्यावर यिर्मयाने उच्चारलेले शब्द फार कठोर आहेत. तो आधी मिसर देशातून सुटलेल्या पूर्वजांशी झालेल्या कराराची आठवण देतो आणि मग परमेश्वराचा संदेश सांगतो की तुम्ही आपल्या बांधवांना मुक्ती जाहीर केली नाहीत, म्हणून मी तुम्हाला मुक्ती जाहीर करतो, तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हाती जाण्याची मुक्ती. थोड्याच काळात, इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास, नगर पडले. निर्गमाचे नियम लोकांनी पाळले असे ग्रंथ कोठेही सांगत नाही. ते मोडले गेले आणि कसे मोडले गेले हे तो नोंदवून ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ते
कृष्णाकाठचा वाचक (मिरज)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या रविवारी आम्ही वरील सर्व उत्तरे मोठ्याने वाचली आणि नंतर एकविसावा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, काहीही न गाळता. चर्चा दीर्घकाळ चालली. एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाला मात्र आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात इस्राएल लोक निघताना मिसरी शेजाऱ्यांकडून सोन्यारुप्याचे दागिने आणि वस्त्रे मागून घेतात. ही लूट समजावी की मजुरी? आणि याचा पुढच्या नियमांशी काही संबंध आहे का? तसेच निर्गम संपल्यावर पुढे काय वाचावे, हेही सुचवावे.

उत्तर
जतचे निवृत्त कार्यकर्ते

त्या बाईंचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी त्या दागिन्यांना मजुरी समजतो, आणि अनुवादाचा पंधरावा अध्याय मला तसे समजायला आधार देतो. दासाला सोडशील तेव्हा त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस, आपल्या कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे दे, असे तेथे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात तू मिसर देशात दास होतास याची आठवण करून दिली आहे. स्वतः निघताना जे घेतले, तेच सोडताना द्यायचे, असा हा सरळ संबंध आहे.

हा विचार किती दुर्मीळ आहे, हे नंतरच्या काळाकडे पाहिल्यावर कळते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली, आणि ती सगळी मालकांना मिळाली. सुटलेल्या माणसांना काहीच मिळाले नाही; उलट शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांच्याकडून बिनमोल काम करून घेण्यात आले. अमेरिकेत १८६५ साली एका सेनापतीच्या हुकुमाने किनारपट्टीवरील मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन वाटण्यात आली होती, ती त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत देवविली. जमीन नाही, बियाणे नाही, जनावर नाही, अशा स्थितीत मुक्त झालेला माणूस पुढच्या हंगामात त्याच मळ्यावर हिश्शाने कसायला परत गेला. आपल्याकडे वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यात मजुरावरील कर्ज संपुष्टात आले असे धरून त्यासाठी गहाण पडलेली मालमत्ता परत करण्याची तरतूद आहे, आणि माझ्या मते त्या कायद्याचे खरे बळ याच तरतुदीत आहे. ती अमलात आणण्यासाठी मात्र मजुराचा वहीतला हिशेब दाखवणारा आणि त्याच्या बाजूने कचेरीत उभा राहणारा कोणीतरी लागतो.

पुढच्या वाचनासाठी मी नहेम्या या ग्रंथाचा पाचवा अध्याय सुचवतो. काळ पर्शियन राज्याचा, म्हणजे निर्गमातील घटनांपासून कितीतरी शतकांनंतरचा आहे. यरुशलेमेचा तट बांधणारे लोक आणि त्यांच्या बायका मोठा आक्रोश करतात की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाच्या करासाठी कर्ज काढले, आणि आता आमच्या मुलामुलींना दास्यात द्यावे लागत आहे, काही मुली तर आधीच गेल्या आहेत. धनको कोणी परके नाहीत, त्यांचेच भाऊबंद आहेत. तेथील कारभारी नहेम्या मोठी सभा बोलावतो आणि मागणी करतो की त्यांची शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे बाग आणि घरे आजच परत करा, तसेच पैसा, धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा जो शंभरावा हिस्सा तुम्ही घेत होता तोही सोडा. धनको होकार देतात; पण तो नुसत्या शब्दावर विसंबत नाही, याजकांना बोलावून त्यांच्यासमोर धनकोंना शपथ घ्यायला लावतो. या अध्यायात बायकांच्या आक्रोशाचा उल्लेख पहिल्याच ओळीत आहे, म्हणून तो त्या शिक्षिका बाईंनीच वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.